गाडीमागचा फाळका

वाहनांचा इतिहास लिहावयास बसलेले लोक बहुधा इंजिनापासून आरंभ करतात. कोणते यंत्र किती अश्वशक्तीचे होते, ते कोणी बसवले, वेग किती वाढला, याची कोष्टके दिली म्हणजे आपले काम संपले असे त्यांस वाटते. माल वाहणाऱ्या गाडीपुरते बोलावयाचे तर ही पद्धत अपुरी आहे. अशा गाडीत माणसाच्या अंगाला घाम फुटतो तो दोनच वेळा, माल चढवताना आणि माल उतरवताना. मधला प्रवास यंत्र करते. परंतु या दोन्ही वेळी हमालाचे खांदे, पाठ आणि मनगटे यांची गाठ ज्या एका भागाशी पडते, तो भाग म्हणजे हौद्याच्या पाठीमागे बिजागरीवर टांगलेला फाळका. तो उभा असतो तेव्हा भिंत असतो. आडवा केला की तीच भिंत जमीन होते. एकाच बिजागरीवर या दोन परस्परविरुद्ध वस्तू फिरत असतात, आणि फाळक्याची सारी उपयुक्तता या द्वैतात आहे.

महाप्रसादाच्या आदल्या दिवशी देवळाच्या मागच्या अंगणात टेम्पो उलटा लावला जातो, तेव्हा पहिला आवाज येतो तो साखळी सुटल्याचा. मग फाळका खाली येतो, तांदळाची पोती त्याच्या कडेशी सरकवली जातात, नारळांचे ढीग, मोठाले हंडे आणि पाट त्याच्यावरून उतरतात. इतक्या नित्याच्या वस्तूला इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाही. पण तो आहे, आणि पिकअप जातीच्या छोट्या ट्रकापुरता तो मुख्यतः अमेरिकेत घडलेला आहे. शेतकरी, स्वयंपाकी, वाजंत्री, जकात अधिकारी आणि चोर एवढ्या सर्वांचा त्यात हात लागला आहे. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. शेवटी, माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे, फाळक्याच्या आत माणसाने बसावे की नाही याविषयी आपल्याकडील कायदा काय म्हणतो, हेही सांगणे भाग आहे. जत्रांच्या दिवसांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शेतकऱ्याची घोडागाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेली एक लांबट लाकडी पेटी होती. तिच्या मागच्या टोकाला एक फळी दोन उभ्या खाचांत वरून सरकवून बसवीत आणि ती निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींतून आरपार एक लोखंडी दांडी घालून आवळीत. ही फळी बंदिस्त ठेवण्याचे काम उत्तम करी; पण उघडावयाची म्हणजे समूळ उपटून काढावी लागे, आणि ती उपटली की आतले धान्य पायाशी सांडे. मक्याच्या प्रदेशात आणखी एक अडचण होती. कणसांच्या राशीत वरून फावडे शिरत नाही. ते कणसांवर आपटून अडते. फावड्याला खाली एक सपाट पृष्ठभाग लागतो, ज्यावरून ते सरकत राशीच्या बुडाशी घुसेल. यातून एक निराळीच फळी निघाली. तळाशी बिजागऱ्या असलेली ही फळी मागे आडवी पडे आणि तिच्या दोन्ही कडांना आडोसा असल्यामुळे कणसे बाजूंनी न सांडता तिच्यावर पसरत. शेतकरी तिच्यावर उभा राही, फावडे तिच्यावरूनच आत सारी आणि गाडी रिकामी करीत जाई. मला तर वाटते, की आजच्या फाळक्याची मूळ कल्पना या सामान्य, अनामिक फळीत पूर्ण झालेली होती. पुढे लागला तो पत्रा आणि पैसा. तिचा जनक कोण हे विचारू नये. अशा वस्तू एकाच्या डोक्यातून निघत नाहीत, त्या अनेकांच्या दुखऱ्या पाठींतून निघतात.

त्याच काळात गाडीच्या त्याच टोकाला पेरणीचे एक यंत्रही जडवीत असत. गाडीच्या चाकावरून साखळीने फिरणारी एक चकती ओटसारखे धान्य शेतात विखरीत जाई. गाडीचे मागचे टोक म्हणजे केवळ शेवट नव्हे, तेथे उभे राहून काम करता येते, ही जाण अशा उपकरणांतून बळावत गेली.

ती अत्यंत स्पष्ट रूपाने प्रकट झाली ती टेक्सासच्या गुरांच्या तांड्यांत. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि पुढल्याच वर्षी चार्ल्स गुडनाइट व ऑलिव्हर लव्हिंग या दोघांनी टेक्सासमधून न्यू मेक्सिकोकडे हजारो गुरे हाकत नेण्याचा मार्ग पाडला. या प्रवासाला आठवडेच्या आठवडे लागत आणि बरोबरच्या गुराख्यांना रोज जेवू घालावे लागे. गुडनाइटने लष्कराची वापरून टाकलेली एक मजबूत गाडी घेतली आणि तिच्या पाठीमागे कप्प्याकप्प्यांचे एक कपाट बसवून घेतले. पीठ, कॉफी, घेवडा, मीठ, औषधे, सर्वांस आपापला खण. या कपाटाचे दार तळाशी बिजागरीवर होते. ते खाली ओढले की त्याच्या आतल्या बाजूस दुमडलेला एक पाय सुटे, जमिनीवर टेके, आणि दाराचे मेज होई. त्या मेजावर पाव मळला जाई, मांस कापले जाई. रात्री ते दार मिटून खटका लावला की स्वयंपाकघर बंद. माळरानावर, जेथे झाडाची सावलीदेखील विरळ, तेथे ही तीन-चार फुटांची आडवी फळी हेच त्या सर्व मंडळींचे घर होते, आणि तिच्यापाशी स्वयंपाक्याचा अधिकार चाले. त्याच्या अनुज्ञेवाचून कोणी गुराखी त्या मेजाला हात लावीत नसे. आपल्या घरांतील सोवळ्याच्या स्वयंपाकघराची आठवण व्हावी असाच हा कडक शिरस्ता होता.

आता एक थोडी आडवाट. लुइझियाना प्रांतातील न्यू ऑर्लीन्स शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी वाद्यवृंदांना आपल्या कार्यक्रमाची जाहिरात करावयाची असे, तेव्हा ते घोड्यांच्या मालगाड्यांत बसून गल्ल्यांतून वाजवीत फिरत. गाडीत दाटी फार. ट्रॉम्बोन या पितळी वाद्याची नळी वाजवताना हातभर पुढे सरकवावी लागते. मधे बसलेला ट्रॉम्बोनवाला शेजाऱ्याच्या डोक्यावरच ती हाणील. म्हणून त्यास गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, उघड्या फाळक्यापाशी बसवीत, म्हणजे नळी गाडीबाहेर मोकळी सरकवता येई. त्या जागेवरून वाजवण्याची, स्वरांवरून लांब घसरत जाण्याची जी ढंगदार रीत प्रसिद्ध झाली, तिला तेथील संगीतात फाळक्याचेच नाव मिळाले. किड ओरी हा १८८६ साली जन्मलेला वादक या रीतीचा मोठा प्रतिनिधी मानला जातो. गाडीच्या एका फळीने एका वादनशैलीला नाव द्यावे, हे भाग्य फार थोड्या सुतारकामांच्या वाट्याला आले असेल.

असो. मोटारीचे युग आले तेव्हा फाळका आपोआप तिच्यामागे आला असे मात्र झाले नाही. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ साली निघाली आणि शेतकऱ्यांनी ती लगेच उचलली. परंतु ती माणसांसाठी होती. शेतकरी तिची मागची बाजू कापून तेथे घरीच बनवलेली लाकडी पेटी ठोकीत. १९१७ साली फोर्ड कंपनीने एक टन भार वाहणारी मॉडेल टीटी विकावयास काढली, तीदेखील नुसता सांगाडा म्हणून. पेटी ज्याची त्याने बांधून घ्यावी. अखेर १९२५ साली कंपनीने स्वतःच पोलादी हौदा बसवून एक गाडी दिली. किंमत २८१ डॉलर. हौदा सुमारे ५६ इंच लांब आणि ४० इंच रुंद, म्हणजे एखाद्या मोठ्या पलंगाहूनही लहान. चार कोपऱ्यांत खुंट रोवण्यासाठी खोबणी. आणि मागे वरखाली करता येणारा फाळका. कारखान्यातून तयार होऊन आलेला, गाडीच्या किमतीतच समाविष्ट असलेला असा हा फाळका. तोपर्यंत तो गावच्या सुताराचा होता, यापुढे तो अभियंत्याचा झाला. त्या वर्षी अशा तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्या.

पुढील तीस वर्षांत रूप फारसे बदलले नाही. फाळका पत्र्याचा, अरुंद, दोन्ही बाजूंना बाहेर फुगलेल्या चाकांच्या झाकणांमध्ये बसवलेला. दोन साखळ्या, दोन आकडे. आडवा केलेला फाळका बिजागरीवर आणि या दोन साखळ्यांवर तोललेला असतो. त्याच्या बाहेरच्या कडेवर वजन ठेवले की सगळा ताण साखळ्यांवर येतो. म्हणूनच जुने हमाल पोते कडेवर न आपटता आत सरकवीत आणि मगच वर चढत. साखळ्या रस्त्याने खडखडत, तेव्हा त्यांच्यावर रबराची नळी चढवण्याची युक्ती निघाली. पत्रा पातळ असला तर वाकतो. त्याला ताठपणा यावा म्हणून त्यात उठाव पाडीत, आणि उठाव पाडावयाचाच तर कंपनीचे नावच का पाडू नये? अशा रीतीने मोठमोठ्या अक्षरांत नाव फाळक्यावर आले. त्याने पत्राही कणखर झाला आणि मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनास जाहिरातही दिसू लागली. आपल्याकडे ट्रकांच्या पाठी अशा एका नावाला कधीच वाहिलेल्या नव्हत्या. येथे कंपनी पुष्कळदा नुसता सांगाडा विकी आणि हौदा स्थानिक कारागीर बांधी. त्यामुळे फाळका रंगाऱ्याच्या कुंचल्याला मोकळा मिळाला. तेथे कुलदैवत आले, मुलांची नावे आली, आणि हॉर्न वाजवण्याची ती सुप्रसिद्ध विनंतीही आली. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ती विनंती लिहिण्यास मनाई केली, कारण ती अकारण भोंगे वाजवण्यास उत्तेजन देते.

अमेरिकेत मोठे स्थित्यंतर झाले ते १९५५ ते १९५८ या वर्षांत. शेव्हरोले कंपनीने १९५५ साली एक दिमाखदार गाडी काढली, तिच्या हौद्याच्या बाहेरील भिंती सपाट होत्या आणि चाके आत झाकलेली होती. १९५७ साली फोर्डने आणि १९५८ साली पुन्हा शेव्हरोलेने हीच रचना सर्वसामान्य गाड्यांस लावली. दिसावयास ही केवळ शोभेची गोष्ट होती, पण तिने फाळका रुंद केला. हौदा गाडीइतका रुंद झाला, चाकांचे उंचवटे हौद्याच्या आत आले, आणि फाळका एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरला. साखळ्यांच्या आकड्यांऐवजी मधोमध एक मूठ आली. ती एका हाताने ओढली की दोन्ही बाजूंचे खटके सुटत. दुसऱ्या हातात सामान असलेल्या माणसास याचा अर्थ काय हे वेगळे सांगावयास नको.

या रुंदीला अमेरिकेत एक निराळेच माप मिळाले. तेथे घरे मुख्यतः लाकडाची असतात आणि प्लायवुडचा प्रमाण तक्ता चार फूट रुंद व आठ फूट लांब येतो. मोठ्या पिकअपच्या हौद्यात चाकांच्या दोन उंचवट्यांमध्ये चार फुटांचे अंतर राखण्याचा प्रघात पडला. लांबी आठ फूट असली म्हणजे तक्ता सपाट पडे आणि फाळका मिटे. परंतु काळाच्या ओघात ही गाडी कुटुंबाची गाडी झाली. पुढच्या भागात दुसरी बैठक आली, चार दारे आली, आणि जागा कोठून तरी काढावयाची म्हणून हौदा आखूड झाला. आज साडेपाच फुटांच्या आसपासचा हौदा अगदी सर्रास दिसतो. मग आठ फुटांचा तक्ता न्यावयाचा कसा? फाळका आडवा करून. त्याने सुमारे दोन फूट लांबी मिळते. माझ्या मते अलीकडच्या फाळक्यांवर जी बुद्धी आणि जो पैसा खर्च होतो त्याचे खरे कारण हेच आहे. हौदा जसजसा आखूड झाला, तसतसे त्याचे उरलेले काम फाळक्याच्या माथी आले. कंपन्यांच्या जाहिराती यास प्रगती म्हणतात. मला त्यात एका गमावलेल्या वस्तूची भरपाई दिसते.

येथे कायद्याच्या एका गमतीदार प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९६० नंतर युरोपीय सामायिक बाजारपेठेने अमेरिकन कोंबड्यांवर भारी जकात बसवली. चिडलेल्या अमेरिकेने डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या घोषणेने प्रत्युत्तर दिले: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालवाहू ट्रक यांवर २५ टक्के जकात. बाकीच्या वस्तूंवरील ती जकात पुढे उठली, ट्रकांवरील राहिली. आता ट्रक म्हणजे काय? आयात करणाऱ्यांनी असे शोधून काढले, की हौदा नसलेला सांगाडा हा पूर्ण ट्रक नव्हे आणि त्यावर जकात केवळ ४ टक्के लागते. मग जपानहून गाड्या हौद्यावाचून, अर्थात फाळक्यावाचून, जहाजाने येत आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना हौदा बसवला जाई. १९८० साली ही वाट बंद करण्यात आली. सुबारू कंपनीने तर याहून चतुर युक्ती योजली. तिने हौद्यातच, फाळक्याच्या आत, मागे तोंड करून बसण्याच्या दोन खुर्च्या जडवून गाडी पाठवली. माणसे बसावयाची सोय आहे, सबब हे प्रवासी वाहन, असा तिचा युक्तिवाद होता. जकात अधिकाऱ्यांनी तो काही वर्षे मानला. फाळक्याच्या आत माल आहे की माणूस, एवढ्या एका प्रश्नावर शेकडा वीसहून अधिक टक्क्यांचा फरक पडत होता. हाच प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे फार निराळ्या, फार दुःखद रूपात आला, तो पुढे पाहावयाचा आहे.

फाळक्याने पुढे जी नवी अंगे घेतली त्यांतील पुष्कळशी आधी स्टेशन वॅगन या कौटुंबिक गाडीवर अजमावलेली होती. फोर्डने १९६६ सालच्या वॅगनला असे दार दिले, की ते खालीही पडे आणि कपाटाच्या दारासारखे एका बाजूसही उघडे. जनरल मोटर्सने १९७१ ते १९७६ या काळात काच छपरात आणि फाळका हौद्याखाली गडप होणारी अवजड रचना केली. ती टिकली नाही. पहिली युक्ती मात्र होंडाने चाळीस वर्षांनी आपल्या रिजलाइन या पिकअपला लावली. २०१९ च्या सुमारास जीएमसी कंपनीचा सहा प्रकारे उघडणारा फाळका आला. त्यातला आतला भाग वेगळा पडतो, पायरी होते, माल अडवावयास आडोसा होतो. रॅम कंपनीने साठ व चाळीस टक्क्यांच्या दोन पाखांचा फाळका काढला. २०२१ च्या फोर्डवर तर फाळक्याच्या आतील बाजूस मोजपट्टी कोरलेली आहे, शिकंजा लावण्यास खोबणी आहे, आणि पेन्सिल ठेवावयासही जागा आहे. गुडनाइटच्या स्वयंपाक्याच्या मेजाची ही थेट वंशज होय, फक्त तिच्यावर आता पावाऐवजी फळ्या कापल्या जातात.

या वस्तू महाग आहेत, आणि महाग वस्तूला जो रोग जडतो तो यांनाही जडला. मे २०१८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनास मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. पिकअपमध्ये तो बहुधा फाळक्याच्या मुठीपाशी बसतो. फाळका मुळात सहज निघावा अशीच रचना असते. विशिष्ट कोनात उचलला की बिजागरीतून सुटतो, कारण मोठा माल चढवताना तो काढून ठेवणे सोयीचे जाते. हीच सोय चोराचीही झाली. काही क्षणांत एक माणूस कॅमेऱ्यासह फाळका उचलून नेतो. परिणामी फाळक्याला कुलूप आले.

एका लोकभ्रमाविषयीही लिहिले पाहिजे. फाळका खाली पाडून गाडी चालवली की वारा अडत नाही आणि पेट्रोल वाचते, असे अमेरिकन चालक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. पवनबोगद्यांतील प्रयोगांनी बहुतेक गाड्यांच्या बाबतीत याच्या उलट दाखवले. फाळका मिटलेला असता हौद्यात हवेचा एक मंद भोवरा कोंडून राहतो आणि वरून येणारा वेगवान प्रवाह त्या भोवऱ्यावरून घसरून फाळक्यापलीकडे जातो. फाळका पाडला की भोवरा मोडतो आणि ओढ वाढते. ज्यास आपण वाऱ्याच्या वाटेतील अडथळा समजतो, तोच वाऱ्याला वाट करून देतो.

अमेरिकन लोक फुटबॉलच्या सामन्याआधी मैदानाबाहेर गाड्या लावून, उघड्या फाळक्यांवर खाद्यपदार्थ मांडून जो वनभोजनाचा थाट करतात त्याबद्दल आपल्या वाचकांनी ऐकले असेल. त्या समारंभालाही फाळक्याचेच नाव आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपला मागे फाळका नव्हता. मागची बाजू बंद पत्र्याची होती आणि तिच्यावर जादा चाक टांगलेले असे. युद्ध संपल्यावर १९४५ साली विलिस कंपनीने तीच जीप शेतकऱ्यांसाठी म्हणून विकावयास काढली, तेव्हा तिला उघडणारा फाळका दिला, आणि त्यासाठी जादा चाक बाजूस हलवले. तलवारीचा नांगर करण्याची भाषा आपण ऐकतो. येथे ते काम दोन बिजागऱ्यांनी केले. त्या नागरी जीपांच्या पुढील वंशावळीतील गाड्या १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जोडावयास घेतल्या, आणि मालासाठी जीपचा मागचा फाळका उघडणारा भारतीय चालक अवतरला. पुढे १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी आली; मूळ जर्मन कंपनीचे ‘टेम्पो’ हे नाव मराठीत इतके रुळले, की आज कोणत्याही छोट्या मालगाडीस ते लागते. १९८६ साली टाटा ४०७ आली आणि २००५ साली टाटा एस, जिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले.

आपल्या या गाड्यांनी फाळक्याच्या बाबतीत अमेरिकेचे अनुकरण केले नाही, आणि ते योग्यच झाले. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत हौदा चाकांच्या वर, सपाट असतो, आत उंचवटे नसतात, आणि मागच्याप्रमाणे दोन्ही बाजूंचे फाळकेही खाली पडतात. फोंड्याच्या किंवा बेळगावच्या बाजारात ज्याने भाजीचा टेम्पो गल्लीत शिरताना पाहिला आहे, त्याला याचे कारण कळेल. तेथे गाडी उलटी लावावयास जागा नसते; माल बाजूनेच उतरवावा लागतो. तिन्ही फाळके पाडले की गाडीचा ओटा होतो आणि त्यावर दुकान मांडता येते. माझ्या दृष्टीने सहा तऱ्हांनी उघडणाऱ्या त्या किमती फाळक्यापेक्षा ही साधी तीन पाखांची रचना अधिक बुद्धीची आहे. लांब माल मात्र फाळका पाडून मागे लोंबकळत नेण्याची खोड तेवढी घातक. लोखंडी सळयांनी असे किती बळी घेतले आहेत! २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, अनुज्ञेय मर्यादेपलीकडे बाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपयांचा दंड आहे.

परंतु आपल्या समाजाला खरा धोका सळयांचा नाही, तो माणसांचा आहे. एके काळी सौंदत्तीच्या यल्लम्मेला लोक बैलगाड्या जुंपून जात. आता पुष्कळ कुटुंबे टेम्पो ठरवतात. हौद्यात सतरंजी अंथरली जाते, वृद्ध मंडळी आत, तरुण फाळक्याला टेकून, आणि दोन-चार मुले फाळका पाडून पाय खाली सोडून बसलेली. शिमग्याच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वऱ्हाडात, मूर्तीच्या विसर्जनाला हेच दृश्य. भाडे कमी पडते आणि सगळी मंडळी एकत्र जातात, यात गैर काय, असे विचारले जाते.

गैर काय ते अपघातानंतर कळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात केवळ माल वाहण्यासाठी बांधलेल्या गाडीची निराळी व्याख्या आहे, आणि तिच्या सक्तीच्या विम्यात कोणाचा समावेश होतो हे कलम १४७ ठरवते. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात ‘गाडीतून नेला जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी’ हे शब्द घातले. मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाचीही भरपाई विमा कंपनीने द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने काही काळ मानले होते. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्द ठरवला. मालगाडी ही माणसांसाठी नव्हे, सबब तिच्यातील प्रवाशांचा सक्तीच्या विम्यात समावेश नाही, असा त्याचा आशय. जानेवारी २००४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की १९९४ च्या दुरुस्तीनेही ही स्थिती बदलत नाही. त्या विशिष्ट प्रकरणात मात्र कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा दिलासा दिला. असा दिलासा पुढेही काही प्रकरणांत मिळाला आहे. पण तो हक्क म्हणून मागता येत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा. यात्रेला निघालेला टेम्पो घाटात उलटला, तर मृतांच्या वारसांना मिळणाऱ्या भरपाईचा हुकूम बहुधा गाडीमालकावर होतो. तो मालक म्हणजे कोण? कर्जाने एक गाडी घेऊन पोट भरणारा आपल्याच गावचा माणूस, ज्याची सारी मालमत्ता म्हणजे तीच गाडी, जी आता मोडून पडलेली आहे. न्यायाधिकरणाचा हुकूम हाती असलेली विधवा आणि देण्यास काही नसलेला प्रतिवादी, असे दोघे एकाच देवळाच्या उत्सवात पुढे वर्षानुवर्षे समोरासमोर येत राहतात.

अशा प्रकरणांत दरवेळी एक बचाव ऐकू येतो: ‘आमच्याबरोबर सामान होते, आम्ही मालाचे मालक म्हणून बसलो होतो.’ नैवेद्याच्या टोपल्या, अंथरुणे, स्वयंपाकाची भांडी हे सारे दाखवले जाते. बरोबरची पिशवी आणि वाहतुकीस घातलेला माल यांत न्यायालये भेद करतात. आणि खराखुरा मालाचा मालक असला तरी त्याने बसावे कोठे, हेही ठरून गेले आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की या कलमातील मालाचा मालक म्हणजे चालकाशेजारी, केबिनमध्ये बसून प्रवास करणारा मालक. मागे हौद्यात, आपल्याच पोत्यांवर फाळक्याला पाठ टेकून बसला, तर तोही त्या शब्दांच्या बाहेर जातो.